सूर्य मावळायच्या आत बाट्या

"बरोब्बर साडेपाचला घरात. बाट्या गरम ठेव!" असं फाल्गुनीला ठणकावून मी सायकलवर टांग मारली. शहादा, प्रकाशा, सारंगखेडा आणि परत शहादा. तापीकाठानं पंचावन्न किलोमीटर. आमच्या घरी चौविहार, सूर्य मावळला की अन्नाचा कण तोंडात जात नाही. म्हणजे दाल-बाटीचं सगळं माझ्या पायांवर होतं. "हे पाय नाहीत, मशीन आहे मशीन!"

"अहो, मशीनची चेन पडलीय," फाल्गुनी म्हणाली.

चेन बसवली, निघालो. काय सांगू! एका हाताला केळी, दुसऱ्या हाताला ऊस, पाठीला वारा. उतारावर दोन्ही पाय वर केले आणि आरोळी ठोकली. एक बैल दचकला. प्रकाश्याला तापी अशी रुंद, अशी चमचमती, की घाटाच्या कडेला उभं राहून सेल्फी घेतला. तो सेल्फी आता तापीत आहे, मोबाइलसकट. पुढच्या उतारापर्यंत वाईट वाटलं.

सारंगखेड्यात सायकल थांबवून पाणी पीत होतो, तर रामसिंगनं ट्रॅक्टर बाजूला घेतला. आमच्या कापडदुकानाचं जुनं गिऱ्हाईक.

"मयंकशेठ, गाडी बिघडनी का?"

"नही रे दादा. हौस शे."

"हौस?" त्यानं इंजिनच बंद केलं. आवाज खाली आणला. "घरमा काही व्हयनं का?"

"काहीच नही!"

"मंग बठा ट्रॉलीमा. लाजू नका. इतला घाम मन्हा बैललेबी येत नही."

शेठ माणूस सायकल चालवतो ती हौसेनं, हे आपल्याकडे कुणाच्या गळी उतरत नाही. मी बसलो नाही, तेव्हा त्यानं उसातली गाडवाट दाखवली. अर्धा तास वाचणार होता. निघताना तो माझ्या कॅरिअरवरची पिशवी निरखत होता. आमच्याच दुकानाची, फोन नंबर छापलेली. आवडली असेल, म्हटलं.

गाडवाटेनं हाडं खुळखुळली. मागे एक कुत्रं लागलं, त्यानं माझा वेग दुप्पट केला. सहा वाजून पाच मिनिटांनी मी दारात! सूर्य अजून बोटभर वर!

दाराला कुलूप.

"अरे देवा, तुम्ही आठे, घरना दारमा?" शेजारच्या सरलाबाई धावत आल्या. "रामसिंगना फोन उना व्हता दुकानवर. शेठ सायकल लिसन वणवण फिरी ऱ्हायनात, डोकावर परिणाम व्हयना, सांगे. वहिनी अन तुमन्या आई गाडी लिसन सारंगखेडाले गयात. तुम्हले रस्तामा नही भेटन्यात?"

"मी उसातून आलो. आणि बाट्या?"

"डबामा. सोबत लई गयात. तुम्ही भुक्या असशात ना!"

सूर्य सहा अठराला मावळला. सारंगखेड्यात रामसिंगनं दोघींना सांगितलं, शेठ केव्हाच निघाले. आई आणि फाल्गुनीही चौविहार पाळतात. सहा दहाला पुलाजवळ गाडी उभी करून त्यांनी डबा संपवला.