कोपराला जागा

मी एक जुना, बुटका बाक आहे. मित्रांनो, माझ्यावर मूल असं कधी बसलंच नाही, हे तुम्हाला खरं वाटणार नाही. सुताराने मला पहिलीच्या मुलांच्या मापाने घडवलं. पण मी आलो शिक्षक तयार करणाऱ्या विद्यालयात. इथे भावी शिक्षक रिकाम्या बाकांपुढे सराव करतात. समोर मूल आहे असं समजायचं आणि त्याला लिहायला शिकवायचं. नसलेल्या मुलांना सांभाळता सांभाळता मला त्यांचा भारही जाणवू लागला.

एका वर्षी एक अबोल मुलगी आली. नववीचा निबंध, पाचवीचं पत्रलेखन, सगळं सुरेख शिकवायची. पहिलीचा पाठ मात्र पुन्हा पुन्हा पुढे ढकलायची.

"अगं, नववीला घाबरत नाहीस नि पहिलीला घाम फुटतो?" मैत्रिणी चिडवायच्या. "चावतात की काय पोरं?"

शेवटी मोठ्या बाईंनी बजावलं, "आज पाठ झाला नाही, तर वर्ष गेलं समज."

ती माझ्यापुढे आली आणि गुडघ्यांवर बसली. माझ्या डाव्या टोकाला तिने कागद ठेवला, उजवीकडे कलता. हळूच म्हणाली, "ह्याच हाताने लिही, राजा. कोणी मारणार नाही."

मागे कोणी तरी खुदकन हसलं. "अगं, कागद उलटा कललाय!"

"तो डावखुरा आहे."

"कोण गं?" बाईंनी विचारलं.

"माझा धाकटा भाऊ. शाळेत त्याचा डावा हात बांधून ठेवला, बाई. मग त्याने पेन्सिल धरलीच नाही. त्याच साली तापाने गेला."

मित्रांनो, देवाशपथ सांगतो, माझं डावं टोक किंचित दबलं.

बाई उठल्या. पाठ थांबवणार, असं मला वाटलं. पण शेजारच्या मुलाला सरकवावं तसा त्यांनी माझ्यावरून हात फिरवला. "त्याच्या कोपराला जागा ठेव," त्या म्हणाल्या. "हं, चालू दे. त्याचं लिहून व्हायचंय अजून."

पाठ पुरा झाला. कागद कोराच होता. बाई एवढंच म्हणाल्या, "पास झालीस. जा आता खऱ्या मुलांकडे."

ती गेली. तो मात्र माझ्यापाशीच राहिला.

मला रंग द्या, न द्या. पण उद्या तुमच्यापैकी कोणी शिक्षक झालं, तर न लिहिणाऱ्या मुलाजवळ आधी खाली बसा. वर्ग झाडून दार लागलं की माझ्या टोकाशी तो अजून वाट बघत असतो. त्याच्यावर ओरडणारं कोणी आत येऊ नये, एवढंच मी रोज देवाजवळ मागतो.