मागच्या दारातली वाट

मित्रांनो, वरंधच्या रघुवीर मास्तरांनी आपल्या पुतणीच्या पत्राला महिनाभर उत्तर दिले नाही. त्याला कारण मी. मी एक जुने भोक आहे, त्यांच्या मागच्या दाराच्या तळाशी असलेले. भोक म्हणजे नुसती रिकामी जागा. तिने आपली कहाणी सांगावी का, असा मलाच संकोच वाटतो.

भागोजी सुताराने मला सागाच्या फळीत कोरले ते मास्तरांच्या चिंगी मांजरीसाठी. तिने मनाला येईल तेव्हा जावे, यावे. आत शिरताना ती आधी माझ्या कडांना मिशा लावून बघे.

"मास्तर, मांजराला येगळा दरवाजा? आमाला घरात एवढा मान नाय!" भागोजी म्हणाला, तेव्हा मी फुशारून गेले.

सहा वर्षे अशी गेली. १९५८च्या मार्गशीर्षात चिंगी दिवेलागणीला माझ्यातून बाहेर पडली, ती परतली नाही. बिबट्याने नेली असेल, असे लोक म्हणाले. सापडले काहीच नाही.

मग महाडहून पुतणीचे, कालिंदीचे पत्र आले. "काका, माझ्या मनीचे एक पिल्लू तुम्हाला देईन, पण मागचे भोक बुजवाल तरच. मनी घरातच असते. जाळीच्या खिडकीतून चिमण्या बघते, दोरीशी खेळते, राखेचे घमेले वापरते. तिला काही कमी नाही. बुजवलेत की कळवा."

मास्तरांनी पत्र पंचांगात ठेवून दिले. मला बुजवायचे म्हणजे चिंगी आता येणार नाही, हे मान्य करायचे. ते त्यांच्याने होईना.

पौषातल्या एका संध्याकाळी बांबूच्या बेटातून आवाज आला. म्याव. अगदी चिंगीचा. मी बाहेर पाहिले. कोणी नव्हते.

"चिंगे, ये गो," मास्तर वाकून म्हणाले.

दुसऱ्या दिवशी आवाज उकिरड्यापाशी आला, तिसऱ्या दिवशी पायरीपाशी. गवताचे पातेही हलले नव्हते.

शेजारच्या साळूबाई कुंपणापलीकडून ओरडल्या, "मास्तर, हाक मारू नका! ओ देतंय ते मांजर नाय. आन् तुमी शिकलेली मानसं, भोकाला जपता, मांजराला नाय!"

चौथ्या संध्याकाळी मास्तरांनी पालथे पडून माझ्यातून हात बाहेर घातला. म्याव त्यांच्या तळहाताखालीच उमटले. तिथे केस नव्हते, ऊब नव्हती. माझ्या कडांना मिशा लागल्या नाहीत. गार हवा तेवढी त्यांच्या बोटांवरून येत-जात होती, कोणी श्वास घ्यावा तशी.

त्यांनी हात आत घेतला. "चिंगे, तू नाहीस गं," ते पुटपुटले. "वाट मीच उघडी ठेवली."

सकाळी भागोजी फळी घेऊन आला. "पक्कं ठोकू?"

"पक्कं."

मित्रांनो, भागोजीच्या बोलण्याने फुशारले होते, त्याची आता मला लाज वाटते. जो जीव आपल्या भरवशावर असतो, त्याला वाऱ्यावर सोडणे ही माया नव्हे. तुमच्या घरी माझ्यासारखे कोणी असेल, तर मांजर गेल्यावर नव्हे, ती घरात असतानाच बुजवा.

त्या संध्याकाळी दाराशी पुन्हा आवाज आला. मास्तरांनी हाक मारली नाही. कंदील लावून त्यांनी कालिंदीला कार्ड लिहिले. गावचे पोस्ट त्यांच्याकडेच, त्यामुळे पेटी पुढच्या ओट्यावरच होती. मी अंधारात ऐकत होते. माझ्यावरच्या फळीवरून बाहेर नखे हळूहळू फिरत होती. तेवढ्यात ओट्यावर कार्ड पेटीच्या तळाशी पडले.