दोन्ही कान झाकून

"थोरली गाईल, धाकटी ऐकेल. घराला दोन्ही लागतं."

वडिलांचा हा आवाज धाकटीच्या कानात आजही तसाच होता, खर्जातला, वाद मिटवून टाकणारा. तो पहिल्यांदा ऐकला तेव्हा तिचे दुधाचे दात पडत होते. आता केस पिकायला लागले होते, तरी कुणी तिला गृहीत धरलं की आधी तो आवाज उठायचा आणि त्याच्या मागोमाग राग. आत्ताही तसंच झालं. तिने नव्या हेडफोनची वायर खोचली, आवाजाची पट्टी खाली आणली आणि स्टुडिओच्या काचेपलीकडे उभ्या असलेल्या थोरलीला हाताने खूण केली. घाल.

थोरलीने हेडफोन दोन बोटांत उचलला, मेलेला उंदीर शेपटीला धरून उचलावा तसा.

"हा कुठला?"

"पहिला. कापडी गादीचा. हलका आहे."

"हलका म्हणजे हलक्यातला?"

"हलका म्हणजे वजनाला हलका, ताई. घालून तर बघ."

जुना हेडफोन गेल्या आठवड्यात मोडला होता. त्याच्या गाद्यांचे काळे पापुद्रे थोरलीच्या गालाला चिकटायचे, ती ते टिकलीसारखे काढून माइकच्या दांड्याला लावून ठेवायची, पण दुसऱ्या कशाला हात लावायची नाही. शेवटी कमानच तुटली. तसला आता मिळत नव्हता. दुकानदाराने तीन नवे पारखायला दिले होते, तिन्ही मागून बंद, आतलं बाहेर न सोडणारे आणि बाहेरचं आत न घेणारे. उद्या ध्वनिमुद्रण होतं. आज त्यातला एक ठरवायचा होता.

धाकटीच्या मागे सोफ्यावर संगीतकार बसले होते. पोट पुढे, त्यावर चहाची बशी. थोरलीने गावं म्हणून वर्षभर मागे लागले होते, आणि ती हो म्हणाल्यापासून रोज काही ना काही निमित्त काढून स्टुडिओत येऊन बसत होते.

"आमच्या सासूबाईंनी जावई निवडताना एवढी पारख केली असती," ते म्हणाले, "तर माझी धडगत नव्हती."

धाकटी हसली नाही. तिने वाद्यांची आधीच भरून ठेवलेली साथ सुरू केली.

थोरलीने दोन ओळी गायल्या.

पैलतीरी कुणी गं दिवा ठेवला
माझ्या अंधाराचा त्याने ठाव घेतला

'पैलतीरी'वर सूर चढायचा, खूप वर, आणि तिथे क्षणभर थांबून 'दिवा'वर उतरायचा. संगीतकारांनी डोळे मिटले. स्पीकरमधून तो सूर खोलीत आला, नितळ, काठोकाठ.

"वा! गळा आहे की काय आहे! वयाला शिवूच दिलं नाही बाईंनी."

धाकटीने पडद्यावरच्या एका छोट्या हिरव्या दिव्याकडे पाहिलं आणि नजर काढून घेतली.

वयाने गळ्याला शिवलं होतं. चार वर्षांपूर्वीच. वरचा सूर केसभर खाली राहायला लागला, तेव्हा धाकटीने कुणाला न सांगता संगणकातली एक सोय जोडली. खाली राहिलेला सूर ती अलगद उचलून जागेवर ठेवायची, पाय घसरलेल्या लेकराला उचलावं तसं. ती दोन ठिकाणी लावली होती: गाण्याच्या ध्वनिमुद्रणात आणि थोरलीच्या हेडफोनमध्ये. थोरलीला गातानाच स्वतःचा आवाज दुरुस्त होऊन ऐकू यायचा. ती घाबरायची नाही, आणि न घाबरल्यामुळे बरं गायची. तिची कीर्ती त्या हिरव्या दिव्यावर उभी होती, हे धाकटीला माहीत होतं आणि दिव्याला. हे गुपित गळ्यात अडकलेल्या काट्यासारखं झालं होतं. रोज ठरवायची, आज सांगून टाकते. रोज थोरली असं काही बोलायची की काटा आणखी आत जायचा.

"काढ हा," थोरली माइकमध्ये म्हणाली. "यात कुणीतरी मागे बसून माझंच गाणं चघळतंय असं वाटतं."

तिचं खरं होतं. कापडी गादीतून साथ झिरपत होती आणि माइक ती पुन्हा पकडत होता. धाकटीने वायर काढली. दुसरा दिला.

दुसरा देखणा होता. गाद्या लोण्यासारख्या मऊ, घातला की थंडीत दुलईत शिरल्यासारखं वाटायचं. पण सगळं फुगवून सांगायचा. खालचे सूर ढोलासारखे, वरचे साखरेत घोळलेले.

"हा खुशमस्कऱ्या आहे," धाकटी म्हणाली. "कानाला बरा वाटेल, पण खरं सांगणार नाही."

"तुला कुणी विचारलं?"

थोरली गायली, थांबली, हेडफोन काढून गळ्यात अडकवला आणि सरळ काचेतून संगीतकारांकडे पाहून बोलायला लागली. "हिचं काही मनावर घेऊ नका हो. हिचे कान गेलेत. आयुष्यभर या डबक्यात बसलीय, कुजले असतील. मागे तो नवा माइक घेतला, तोही हिनेच पारखलेला. माझा आवाज त्यात पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा."

"अहो, बहिणी आहात की सवती!" संगीतकार खदखदून हसले. बशीतला चहा हिंदकळला.

धाकटीने वायर ओढून काढली. गेल्या महिन्यातही असंच झालं होतं. पाळण्याच्या गाण्याच्या वेळी. सगळे वादक जमलेले, कुणीतरी धाकटीचं कौतुक केलं की या बाईंनी सूर बरोबर पकडला, तर थोरली म्हणाली होती, "ऐकणं हे काय काम झालं? भिंतींनाही कान असतात." सगळे हसले होते. तीही हसली होती, ओठ ताणून.

तिसरा हेडफोन तिने जरा हिसकूनच टेबलावरून उचलला आणि आत नेऊन दिला. हा जड होता. कातडी गाद्या, कमान शिकंज्यासारखी. पाच मिनिटांत कान तापायचे. पण त्यात सूर जसा असेल तसा यायचा, ना गोड करून, ना कडू करून. तोंडावर बोलणारा माणूस असतो, तसा.

थोरलीने तो घातला, डोकं हलवून पाहिलं.

"चष्म्याच्या काडीने फट राहतेय. बाहेरचं आत येतंय."

"सगळ्यांनाच राहते. थोडी चालते."

"मला नाही चालत." तिने चष्मा काढून स्टँडवर ठेवला. दोन्ही हातांनी गाद्या कानांवर गच्च दाबल्या.

"आणि शब्द कसे वाचणार?" धाकटीने बाहेर येऊन माइकवरून विचारलं.

"पाठ करीन. तू बटणं दाब, शहाणपणा राहू दे. कुजक्या कानांनी तेवढं जमेल ना?"

संगीतकार पुन्हा हसले.

धाकटीचा उजवा हात पुढे गेला. बोटाने हिरव्या दिव्यावर टिचकी मारली. दिवा विझला. ऐक म्हणावं, एकदा ऐकच. आणि त्याच क्षणी, तिलाही न विचारता, तिच्या डाव्या हाताने खोलीतल्या स्पीकरची पट्टी तळाला नेली.

"आवाज का बंद?" संगीतकारांनी विचारलं.

"जोडणी तपासतेय. तुम्ही चहा घ्या."

तिने आपला हेडफोन चढवला. आता त्या काचेच्या दोन बाजूंना दोघीच होत्या, दोघींचे कान झाकलेले, मध्ये एक वायर.

थोरली गायला लागली. 'पैलतीरी' उचललं. सूर चढला, चढत उंबऱ्यापर्यंत आला, आणि आत पाऊल न टाकता दाराशीच उभा राहिला. केसभर खाली. थोरली तो धरून राहिली. मान ताठ, बोटं गाद्यांवर पांढरी पडलेली. मग सूर सुटला.

धाकटी वाट पाहत होती. आता हेडफोन भिरकावला जाईल, कानांचा उद्धार होईल, दुकानदाराचा होईल, तिच्या सात पिढ्यांचा होईल, आणि त्या पिढ्या दोघींच्या एकच आहेत हे थोरली विसरेल. त्या वेळी काय म्हणायचं ते तिने चार वर्षं जिभेवर घोळवलं होतं.

थोरलीने डोळे उघडले नाहीत. ओठ माइकजवळ नेले आणि अगदी हळू म्हणाली, "लाव ते."

धाकटीला वाटलं, वायरीत काही खरखरलं.

"काय?"

"काढलंस ना आत्ता. ते लाव परत."

सोफ्यावर बशीत कप ठेवल्याचा आवाज झाला. संगीतकारांना काही ऐकू आलं नव्हतं. धाकटी उठली.

"काय झालं?"

"वायर बघते."

"बघा, बघा. चहा उरलाय का हो अजून?"

तिने आत जाऊन जाड दार लावून घेतलं. आत बाहेरच्या जगाचा श्वासही येत नव्हता. थोरलीने हेडफोन काढला होता. कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या, आणि चष्म्यावाचून तिचा चेहरा उघडा पडल्यासारखा दिसत होता.

"कधीपासून?" धाकटीने विचारलं.

"माहीत आहे ते? पहिल्या वर्षापासून. घसा सांगतो ना गं, कुठवर पोहोचला ते. कानात एक आणि घशात एक, असं किती दिवस लपणार?"

म्हणजे म्हणून ती दोन्ही कान गच्च झाकायची. धाकटीला एकदम दिसलं. पूर्वी थोरली एका कानावरून हेडफोन सरकवून गायची, सगळेच गातात तशी, एका कानात साथ आणि उघड्या कानात आपला गळा. तिने ती सवय कधी सोडली, चष्मा कधीपासून काढून ठेवायला लागली, हे काचेपलीकडून रोज बघूनही धाकटीला दिसलं नव्हतं. ऐकण्याचं काम तिचं, आणि झाकलेले कान तिला कळले नव्हते.

कळलं, आणि राग ओसरायच्या ऐवजी उकळून वर आला.

"तुला सगळं माहीत होतं. आणि तरी चारचौघांत माझे कान कुजले म्हणतेस? आज म्हणतेस, त्या दिवशी म्हणालीस, बारा महिने तेरा त्रिकाळ म्हणतेस! लाज नाही वाटत?"

"वाटते."

"मग?"

"घेणाऱ्याचा हात खाली असतो, छोटे. हात खाली गेला की जीभ वर जाते." थोरलीने चष्मा उचलला, पदराने पुसला, घातला नाही. "रोज इथे यायचं, रोज तुझे उपकार कानावर चढवायचे. टोचायचं. मग चावायचे तुला. दुसरं कुणाला चावू?"

"उपकार," धाकटी पुटपुटली.

"नाहीतर काय? पण आता नको. उद्याचं गाते आणि थांबते. त्यांना आज सांगणार आहे, जाताना." तिने काचेकडे मान वळवली. पलीकडे संगीतकार किटली उलटी करून पाहत होते. "ते पाळण्याचं गाणं झालं ना, तेव्हाच ठरलं माझं. सकाळी सुरू केलंस ते दिवे लागले तरी चाललेलं. पुन्हा घेऊ, पुन्हा घेऊ. मला कानात वरचा सूर दर वेळी लागल्यासारखाच यायचा. घशाला विचारावं तर तोही हल्ली खात्रीने बोलत नाही. मग तुझ्याकडे बघायचे. चष्मा नसला तरी मान हललेली कळायची. नाही, नाही. तेव्हा म्हटलं, दुरुस्त करूनही जर लागत नसेल, तर संपलं बाई."

ती हसली. हसण्यात कुठे राग नव्हता, आणि तेच धाकटीला सोसेना. राग असता तर तिलाही रागाने उत्तर देता आलं असतं.

"भांडू नकोस आता," थोरली म्हणाली. "तू माझी लाज राखलीस. एवढं मी मरताना तरी कबूल केलंच असतं."

धाकटीने जड हेडफोन थोरलीच्या हातातून घेतला. गाद्या अजून गरम होत्या. ती त्यांच्यावरून अंगठा फिरवत राहिली. काचेपलीकडून संगीतकारांनी रिकामा कप उंच करून दाखवला. दोघींपैकी कुणी तिकडे पाहिलं नाही.

"लाज नाही राखली," धाकटी म्हणाली. "पाळण्याच्या गाण्याच्या वेळी नाही."

"म्हणजे?"

"भिंतींनाही कान असतात म्हणालीस, सगळे हसले, आणि लगेच तू गायला उभी राहिलीस." धाकटीने हेडफोन स्टँडला अडकवला. तिने नजर खाली घातली नाही. "पहिल्याच वेळी सूर लागला होता, ताई. तुझ्याच गळ्याने. भरून, जिथल्या तिथे. दुरुस्तीने त्याला हातसुद्धा लावला नव्हता. तो मी पुसला."