ज्याचं परमिट, त्याचा आवाज

"कोन बोलतंय?"

"काका, मीच. नंबर दिसतोय ना तुम्हाला?"

"नंबर दिसतो. मानूस दिसत नाय. नाव सांग, पुरं."

"डेरिक रुमाव, लाइनमन. दोन नंबरच्या फीडरचं परमिट पाहिजे. वाडीकडच्या पोलावरचा इन्सुलेटर फुटलाय."

"बरोबर किती मानसं?"

"दोन. मी धरून तीन."

"अर्थिंग लावल्याबिगर चढायचं नाय."

"नाही चढत."

"आनि परत कोन करनार?"

"मीच करणार, काका. दुसऱ्या कोणाचं तुम्ही घेता थोडंच!"

रामनाथ किणीने फोन खांद्यात धरूनच दोन नंबरचा फीडर, म्हणजे त्या भागाकडे जाणारी लाइन, बंद केला, कुलूप घातलं, हँडलला 'माणसं कामावर आहेत' ही पाटी अडकवली आणि रजिस्टरमध्ये लिहिलं: बारा वाजून दहा मिनिटं. मग म्हणाला, "लाइन बंद. सांभाळून." 'लाइन बंद' एवढं ऐकूनच पलीकडून फोन ठेवलेला होता.

सातिवलीच्या गोदामांमागे, जिथे रस्ता संपतो आणि झुडपं सुरू होतात, तिथे हे उपकेंद्र आहे. एक खोली, एक पंखा, मोठमोठे ट्रान्सफॉर्मर आणि आठ तासांना एक माणूस. लाइनमनला तारेवर काम करायचं तर आधी इथून परमिट घ्यावं लागतं, म्हणजे तेवढा वेळ लाइन बंद राहील याची हमी. चढण्याआधी बंद तार जमिनीला जोडायची, ते अर्थिंग; चुकून वीज आलीच तरी ती जमिनीत जाते. काम झालं की त्याने परमिट परत करायचं, मगच इकडून वीज सोडायची. साधा हिशोब आहे. पण माणसं मरतात ती साध्याच हिशोबात.

पूर्वी परमिट घ्यायला लाइनमन इथे येत, बसत, चहा पीत. आता सगळं फोनवर. डेरिक ठेकेदाराकडून आठ महिन्यांपूर्वी लागला. रोज दोन-दोनदा बोलणं व्हायचं, पण रामनाथने त्याचं तोंड पाहिलेलं नव्हतं. आवाज मात्र पाठ होता. सर्दी झाली की कसा येतो, घाईत असला की कसा येतो, सगळं. बायको जिजा गेल्यापासून घरात बोलायला कोणी नाही. मुलगी जागृती बदलापूरला दिलेली, तिचा रविवारी फोन. त्यामुळे 'कोन बोलतंय' पासून 'सांभाळून' पर्यंत लाइनमनशी जे काय बोलणं होई, तेच रामनाथचं दिवसाचं बोलणं. लाइनमन लोकांना त्याची कल्पना नव्हती. ते आपापसात त्याची नक्कल करत. दुधाने तोंड पोळलंय म्हाताऱ्याचं, ताक फुंकतो, असं म्हणत.

तोंड पोळलं होतं ही गोष्ट खरी होती.

बारा वर्षांपूर्वी पापडीचा रुडॉल्फ इथे लाइनमन होता. वाडीतली केळी घेऊन यायचा, दुपारी रामनाथबरोबर जेवायचा, जेवताना इतका बोलायचा की भात गार व्हायचा. एका सकाळी त्याने परमिट घेतलं. दोन तासांनी त्याच्या बरोबरच्याचा फोन आला, "झालं, सोडा लाइन." रामनाथने सोडली. रुडॉल्फ अजून वर होता, शेवटची तार बांधत.

चौकशी झाली. परमिट परत आल्याची नोंद रजिस्टरमध्ये होती, त्यामुळे ऑपरेटरचा, म्हणजे रामनाथचा, दोष नाही असं ठरलं. रामनाथ मातीला गेला. सिमेट्रीच्या फाटकाशी रुडॉल्फची बायको प्रिस्का त्याच्यासमोर उभी राहिली. रडत नव्हती. एवढंच म्हणाली, "भाऊ, तुम्ही तर त्याचा आवाज ओळखत होता ना?"

त्या दिवसापासून त्याने स्वतःपुरता कायदा केला: ज्याचं परमिट, त्याचाच आवाज. देव जरी फोनवर आला तरी लाइन सोडायची नाही. पुढे कंपनीच्या नियमांच्या पुस्तकातही ते आलं, पण पुस्तक काय, कपाटात असतं.

दोन वाजून पाच मिनिटांनी फोन वाजला. सेक्शनच्या ज्युनिअर इंजिनिअर उन्नती मॅडम होत्या. पोरगी हुशार, वर्षभरापूर्वी लागलेली.

"किणीसाहेब, दोन नंबर चार्ज करा. काम झालंय."

"डेरिकला फोन द्या."

"तो इथे नाहीये. त्याची दोन्ही माणसं गाडी घेऊन आलीत माझ्याकडे. अर्थिंग काढलं, सामान आणलं, सगळं क्लिअर आहे."

"डेरिकला फोन द्या, मॅडम."

"अहो, तो उचलत नाहीये! इथे कॉम्प्लेक्सच्या गेटवर शंभर लोक जमलेत. मे महिना आहे, दोन तास लाइट नाही. आणि एका घरात आजी आहेत ऑक्सिजनच्या मशीनवर. त्यांचा इन्व्हर्टर संपत आलाय. प्लीज."

रामनाथने डोळे मिटले. "मानूस पाठवा पोलाकडं. डेरिक डोळ्यांनी दिसू दे."

"कशी पाठवू? गाडी घेरलीय लोकांनी. हलू देत नाहीयेत." तिचा आवाज चिरकला. "ही माझी ऑर्डर समजा. जबाबदारी माझी. लिहून देते."

"लिहून दिलं तरी नाय."

"म्हणजे तुमच्या हट्टापायी त्या आजींचं काही झालं तर?"

फोन ठेवून त्याने आधी एकशेआठवर अ‍ॅम्ब्युलन्स मागवली, मग डेरिकचा नंबर लावला. रिंग जात होती. पुन्हा लावला. पुन्हा. एकदा वाटलं, पोरगं कुठे सावलीला आडवं झालं असेल. जेवून झोपलं असेल. आपण इथे रुडॉल्फचं भूत उशाशी घेऊन बसलोय आणि तिकडे एक म्हातारी तडफडतेय. हात कुलपाच्या किल्लीपर्यंत गेलाही. कमरेच्या करगोट्याला बांधलेली किल्ली होती ती, घामाने चिकट झालेली. त्याने ती मुठीत धरली आणि तसाच उभा राहिला. किती वेळ, त्यालाच माहीत नाही.

फाटकाबाहेर स्कूटर थांबली. चाळिशीचा माणूस, अंगावर घरातला टीशर्ट, पायात दोन वेगवेगळ्या चपला. फाटक गदागदा हलवत होता.

"तुम्हीच का ते? माझी आई आहे वर ऑक्सिजनवर! मॅडम बोलतायत काम झालंय, मग तुम्हाला काय प्रॉब्लेम आहे?"

"नाव काय तुमचं?"

"सुमेध. नाव घेऊन काय करताय? लाइट द्या!"

रामनाथ फाटकापर्यंत गेला. "सुमेधभाऊ, एक मानूस वर हाय का खाली, मला ठाव नाय. खाली असंल तर मी गाढव. वर असंल आनि मी लाइन सोडली, तर त्याची पन आई हाय." मग त्याने खिशातून स्वतःचा फोन काढला. "मी एकशेआठला लावलाय मघाशीच. अ‍ॅम्ब्युलन्स निघालीय. तुमच्या बिल्डिंगचं नाव त्यांना नीट सांगा, आनि आईला खाली आनायची तयारी करा. इथं माझ्याशी भांडू नका, वेळ जातोय."

सुमेधने पत्ता सांगितला. फोन परत देताना म्हणाला, "तुम्हाला आई नाहीये वाटतं." आणि स्कूटर वळवून गेला.

रामनाथ आत येऊन खुर्चीत बसला. पंखा चालू होता, उपकेंद्रात वीज होती, आणि ह्या गोष्टीची त्याला लाज वाटली. त्याने पुन्हा डेरिकचा नंबर लावला. ऐन दुपारी बाहेर चिटपाखरू नव्हतं. आपण ह्या खोलीत बारा वर्षं एकटे आहोत, हे त्याला एरवी कधी इतकं कळलं नव्हतं. विचारायला कोणी नाही, आणि चुकलो तर बरोबर बसायलाही कोणी नाही.

दोन पस्तीसला फोन वाजला.

"काका, परमिट परत घ्या."

"कोन बोलतंय?" हे विचारताना त्याचा आवाज फाटला.

"डेरिक रुमाव, लाइनमन. सोळा मिस कॉल? काय झालं?"

"कुठं व्हतास?"

"अहो, काम झालं म्हणून पोरांना पाठवलं. निघता निघता पुढच्या पोलावरचा तारा जोडणारा जंपर सैल दिसला. म्हटलं लाइन बंदच आहे तर आवळून घेऊ. फोन खाली बॅगेत होता."

"किती वाजता चढलास?"

"दोनला असेल. आत्ता उतरलो."

रामनाथने मनात हिशोब केला. दोन वाजून पाच मिनिटं. मॅडमचा फोन दोन वाजून पाच मिनिटांनी आला होता.

"अर्थिंग?"

"ते पोरांनी नेलं ना गाडीत."

"अर्थिंगबिगर चढलास?"

"लाइन बंद होती ना, काका. परमिट तुमच्याकडे होतं. तुम्ही थोडीच सोडणार माझ्याशिवाय!" डेरिक हसला.

रामनाथ ओरडला, "अक्कल हाय का तुला? माझ्या जागी उद्या दुसरा बसंल! त्याच्या भरवशावर चढशील? तारेला तुझा भरवसा कळतो काय रे? दोन्ही पाय जमिनीवर हायत का आता?"

"आहेत, आहेत. तापताय कशाला एवढे? सोडा लाइन."

रामनाथने कुलूप काढलं, पाटी उतरवली आणि दोन नंबर चालू केला. मग रजिस्टर ओढून बसला आणि घडलं तसं सगळं लिहून काढलं, मिनिटासकट. काही वाढवलं नाही, काही पोटात ठेवलं नाही. उद्या हे वर जाईल, डेरिकला बोलावणं येईल, मग त्यालाही कळेल.

उन्नती मॅडमचा फोन आला तो अजून रागातच. "आली लाइट. आजींना जिन्यातून अर्ध्यात आणलं होतं, परत वर नेलं. बऱ्या आहेत. पण अर्धा तास कशाला लागला ते मला वर सांगायचंय."

"मॅडम, तुमी फोन केला तेव्हा डेरिक पोलावर व्हता. अर्थिंग नव्हतं."

पलीकडे गर्दीचा गलका तेवढा ऐकू येत राहिला.

"दोन पाचला?" तिने शेवटी विचारलं.

"व्हय."

मग ती, शाळेतली मुलगी बोलते तशा बारीक आवाजात म्हणाली, "सर, मी ऑर्डर दिली होती तुम्हाला."

"ते पन लिवलंय. लिवायलाच पायजे. घाबरू नका, शिका. मी शिकलो त्याला लय मोठी किंमत पडली, तुमाला फुकट मिळालं."

चार वाजता पाळी बदलायला जयवंत आला. त्याने आधी मोबाइल चार्जिंगला लावला, मग विचारलं, "काय विशेष?"

रामनाथला सांगायचं होतं. कोणाला तरी सांगायचंच होतं. "आज तो डेरिक हाय ना…"

"हां," जयवंत स्क्रीनवरून मान वर न करता म्हणाला.

"रजिस्टर वाच," रामनाथ म्हणाला आणि डबा उचलून निघाला.

नाक्यावरच्या टपरीशी तो थांबला. तिथे तिशीचा एक जण मोटरसायकलला टेकून फोनवर बोलत होता. कमरेला सेफ्टी बेल्ट, कोपरापर्यंत काळं ग्रीस.

"हो मम्मी, जेवलो. नाही, उशीर नाही होणार."

रामनाथने मान वळवली. घाईत असला की असाच येतो तो आवाज.

डेरिकने फोन ठेवला आणि चहावाल्याला म्हणाला, "एक कटिंग दे. डोकं उठलंय. सबस्टेशनवर एक म्हातारा आहे ना, आज नुसता अंगावर आला माझ्या. कारण काय, तर काही नाही! घरी कोणी बोलत नसेल त्याच्याशी."

"आपको, चाचा?" चहावाल्याने रामनाथला विचारलं.

रामनाथने तोंड उघडलं आणि मिटलं. एक शब्द बोलला असता तर डेरिकने ओळखलं असतं. मग माफी, मग 'काय झालं होतं', मग सगळंच सांगावं लागलं असतं, आणि सांगताना त्याला रडू आलं असतं. त्याने नुसतं एक बोट वर केलं.

दोघं शेजारी शेजारी उभे राहिले. डेरिकचा ग्लास गरम होता, तो सारखा हात बदलत होता, ह्या हातातून त्या हातात. रामनाथ ते दोन हात बघत राहिला. नखांत काळं, अंगठ्याला जुनी पट्टी, बाकी धडधाकट.

"काका, जरा सरकता? गाडी काढतो."

रामनाथ सरकला. डेरिकने किक मारली आणि पापडीच्या दिशेने निघून गेला. चहा गार झाला होता. रामनाथने तो उभ्यानेच संपवला.