जावयामागची सीट

यात दीपकला काय सुटणार होतं, याचा हिशेब चिमाजींनी घरातून निघण्याआधीच मांडला, आणि तो काही केल्या शून्याच्या वर जाईना. हीच खरी काळजीची गोष्ट होती. लासलगावच्या बाजारात कांदा खरेदी करण्यात त्यांची हयात गेली, पण ज्याला काहीच सुटत नाही असा मध्यस्थ काही त्यांना भेटला नव्हता. आणि इथे जावई ऑफिसला दांडी मारून सासूच्या गुडघ्यापायी नाशिकच्या शोरूममध्ये गाड्या दाखवायला तयार! कुठेतरी पाणी मुरत होतं.

गुडघा चंद्रभागाबाईंचा, डावा. दिवाळीनंतर त्याचा सांधा बदललेला. चाला-फिरा, पण पाय दुमडून फार वेळ बसू नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. जुन्या गाडीतून उतरताना त्यांच्या डोळ्यांत पाणी यायचं, म्हणून नवी गाडी. पेट्रोल कमी पिते म्हणून हायब्रिड सेडान घ्यायची, हे मुलाने, रोहितने ठरवलं. शोरूममध्ये दोन उभ्या होत्या, एक राखाडी, एक पांढरी. मागच्या सीटवर आईला कुठे बरं वाटतं, एवढंच आता पाहायचं होतं.

"मामा, माझं मत राखाडी," दीपक दारातच म्हणाला. "मागची सीट उंच आहे. उठताना मामींच्या गुडघ्यावर जोर येणार नाही."

"बसून बघितलं वाटतं आधीच?"

"हो, परवा येऊन गेलो ना."

परवाच येऊन गेले! चिमाजींनी रोहितकडे पाहिलं, पण तो डिकीत डोकं घालून बॅटरीने किती जागा खाल्ली ते बघत होता. या पोराला व्यवहारातलं काय कळणार. दलाल ज्या ढिगाकडे बोट दाखवतो त्या ढिगाकडे पाठ करायची, हे चिमाजी मिसरूड फुटायच्या आधी शिकले होते. कमिशन असेल, नाहीतर सासऱ्याची जुनी गाडी पदरात पाडून घ्यायचा डाव असेल. दोन्ही असेल.

"चला, बसून तर बघू," ते म्हणाले. "पाहुणे, तुम्ही पुढं बसा."

"मी कशाला? मामींना बघू द्या ना."

"ती बसतीय मागं. जावयाला उभं ठेवून आम्ही बसायचं का?"

दीपक बसला. उंच माणूस, पाय मावेनात म्हणून त्याने सीट मागे सरकवली. तिच्याच मागे चंद्रभागाबाई बसल्या होत्या. त्यांचा गुडघा सीटच्या पाठीला टेकला.

"कसं वाटतंय?" चिमाजींनी विचारलं.

"बरंय," त्या म्हणाल्या. पण कपाळावर आठी होती, आणि ती चिमाजींनी टिपली. वा रे वा, उंच सीट!

पांढऱ्या गाडीपाशी जाताना दीपकचा फोन वाजला आणि तो काचेच्या दाराबाहेर गेला. नेमका आत्ताच! चिमाजी गाडीत शिरले खरे, पण डोळे बाहेर. जावई हातवारे करत होता, मान हलवत होता, मध्येच गाडीकडे बघत होता. तिकडचा माणूस कोण असेल, या विचारात ते इतके गढले की शोरूमच्या पोराने पुढची रिकामी सीट चटकन पार डॅशबोर्डापर्यंत ढकलली, ते त्यांना दिसलंच नाही.

"अगंबाई, इथं तर पाय पसरता येतात," चंद्रभागाबाई म्हणाल्या.

"बघ! मी म्हणत नव्हतो?" चिमाजी एवढे फुलले की पोराने लगेच पेढ्याचा बॉक्स पुढे केला.

दीपक परत आला तोवर पांढरीचं बुकिंग झालेलं.

"मामा, हिची सीट खोल आहे. मागं छतही उतरतं..."

"तुमचा एवढा जीव का अडकलाय राखाडीत, पाहुणे? तिकडं काही शब्द देऊन बसलात का?"

दीपकचे कान लाल झाले. "तुमची मर्जी," एवढंच तो म्हणाला.

पुढच्या महिन्यात नांदगावला दीपकच्या आईवडिलांनी वास्तुशांत घातली. मुलगी सायली आधीच जाऊन राहिली होती. नवी गाडी निघाली. रोहित चालवायला, जावई रिवाजाप्रमाणे पुढे. सीट मागे सरकली. रोहितही आजोळावर गेलेला, उंच, त्यामुळे दुसऱ्या बाजूलाही तीच गत. चांदवडपर्यंत चंद्रभागाबाई बोलत होत्या. मनमाडला त्यांनी दारावरची मूठ धरली, ती नांदगावला सोडली. पण उठता काही येईना. अख्ख्या गोतावळ्यासमोर सायलीने आणि विहीणबाईंनी त्यांना ओढून बाहेर काढलं.

आतल्या खोलीत चिमाजींनी विचारलं, "अगं, शोरूममध्ये तर पाय पसरत होतीस?"

"तिथं पुढं कुणी होतं का? त्या पोराने सीट सारली, मी बघितली की."

"आणि राखाडीत?"

"तिथं जावई होते. त्यांना म्हणू, सीट पुढं घ्या? मला नाय बाई जमत."

"मला तरी सांगायचं!"

"लय खूश झाला होता तुम्ही."

सायली गुडघ्याला बर्फ लावत होती. चिमाजींनी आवाज उतरवून विचारलं, "त्या दिवशी पाहुण्यांना फोन कुणाचा आला होता गं?"

"माझाच. आईला उंच सीट लागते, बाबांना नीट समजावा, म्हणून ओरडत होते मी. दोन दिवस आधी गाडी बघायलाही मीच पाठवलं होतं. का?"

"काही नाही," चिमाजी म्हणाले.

निघताना अंगणात सगळे सोयरे निरोपाला उभे होते. दीपकने पुढच्या दाराला हात घातला तेव्हा चिमाजी खाकरले.

"पाहुणे, हिला पुढं बसू द्या. तिथली सीट वर उचलता येते. तुम्ही... मागं बसाल?"

व्याह्यांच्या भुवया वर गेल्या. कुणीतरी हसू दाबलं. दीपकने मात्र सासूला हात धरून बसवलं, सीट वर घेतली आणि स्वतः सासऱ्याशेजारी शिरला. मागे छत उतरतं असं तो म्हणाला होता, ते खरंच उतरत होतं. पहिल्या गतिरोधकाला त्याचं डोकं दण्णकन आपटलं.

गाडीचे हप्ते रोहितच्या पगारातून जाणार होते. चिमाजींच्या संशयाचे मात्र ज्याच्यावर संशय होता त्यानेच फेडले, नांदगाव ते नाशिक, मान वाकवून.