तेल बंद, कचोरी चालू

मित्रांनो, मी धामणगाव बढ्याची एक जुनी तेलाची किटली आहे आणि मला राग आलेला आहे. किटलीला कसला आलाय राग, असं वाटत असेल, तर तुम्हाला कोणी दोन महिने कपाटात कोंडलेलं नाही.

जर्मनचा, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचा, पत्रा ठोकून ठोकून मला घडवलं. तीस वर्षांपूर्वी जनकाबाईंनी मला बाजारातून घरी आणलं. भाकरीवर ठेचा, ठेच्यात बोटानं केलेला खळगा आणि त्या खळग्यात माझ्या तोटीतून करडीचं कच्चं तेल! पाहुणे भाजीआधी मला मागायचे. एवढं कौतुक त्या घरात जावयाचंही झालं नाही.

मग जनकाबाईंचे यजमान शंकरराव बुलढाण्याला तपासणीला गेले. रक्तात चरबी वाढलेली निघाली. घरी येताच त्यांनी जाहीर केलं, "आजपासून या घरात तेल बंद. सगळ्याइले!"

सून मनाली हळूच म्हणाली, "बाबा, प्राचीच्या भातात तरी?"

"घर म्हंजे घर!"

प्राची म्हणजे त्यांची सव्वा वर्षाची नात. तिच्या मऊ भातावर माझं चमचाभर तेल पडायचं. ते थांबलं. मला लोखंडी कपाटात, सातबाऱ्याच्या शेजारी कुलूपबंद केलं. जणू मी पळून जाऊन वकील करणार होते!

फोडणी पाण्यात पडू लागली. मोहरी तडतडेना, नुसती पोहायची. शंकरराव मात्र रोज संध्याकाळी स्टँडवरून कचोरी खाऊन येत.

"तिच्यात तेल नाही काय हो?" जनकाबाईंनी विचारलं.

"ते बाहेरचं हाय. मी घरातलं बंद केलं."

आत माझं झाकण संतापानं थडथडलं. घरच्यांना वाटलं, उंदीर.

अंगणवाडीत प्राचीचं वजन झालं. दोन महिने काटा जागचा हलला नव्हता. सेविका आशाबाई तडक घरी आल्या.

"काका, पोरीचं वजन काऊन वाढून नाही राह्यलं? भातात तेल टाकता ना?"

"डॉक्टरनं बंद केलं."

"कोणाचं? आणा तो कागद."

कागद माझ्याच कपाटात होता. आशाबाईंनी मोठ्यानं वाचला, "तळलेले, वनस्पती तूप बंद. स्वयंपाकात तेल बेताने." मग त्या कडाडल्या, "बेतानं म्हंजे बंद? अन् याच्यात पोरीचं नाव कुठी हाय? तिचा मेंदू वाढून राह्यला. इवलंसं पोट, त्यात भात मावन किती? म्हणून तेलातून ताकद द्या लागते. पालक-गाजरातलं जीवनसत्त्वबी तेलाबिगर अंगी लागत नाही."

"मले वाटलं, जे मले वाईट ते सगळ्याइले वाईट."

"मंग तुमचा चष्माबी लावा तिले!"

शंकरराव उठले. त्यांनीच मला बाहेर काढलं आणि नातीच्या भातावर एक चमचा तेल घातलं. पुढच्या महिन्यात काटा तीनशे ग्रॅमनं सरकला. मनाली पदरानं डोळे पुसत घरी आली.

माझा राग मात्र गेलेला नाही. मित्रांनो, मला मोजून वापरा, रोजची तळणी टाळा, मी कुरकुरणार नाही. पण स्वतःचं पथ्य लेकराच्या ताटात वाढू नका. त्या पोरीला भूक सांगता येत नव्हती आणि मला कपाटातून ओरडता येत नव्हतं.