वागियेमचं नाणं

"दोनच रेघा ओढ गं," तुकिरान उघडी पाठ करून बसला होता. "कुणाला कळणार आहे?"

"तुमच्या पाठीला कळेल," वागियेम म्हणाली.

क्लातेन गावातल्या त्या अख्ख्या गल्लीत पाठ घासावी तर वागियेमनेच. अंग कसकसलं, अंगात वारं भरलं असं वाटलं, की माणसं तिचं दार गाठत. ती तेल चोळून झिजलेल्या नाण्याने बरगडीबरगडीवरून रेघा ओढी. रेघ जितकी लाल, तितकं वारं जास्त. चाळीस वर्षं तिच्या हाताला यश होतं, आणि त्याचा तिला थोडा तोराही होता.

पण तीन वर्षांपूर्वी तिच्या नवऱ्याच्या, तुकिरानच्या, हृदयात धातूची झडप बसली आणि रक्त पातळ ठेवायची गोळी सुरू झाली. महिन्याभरात त्याला कणकण आली, हिने सवयीने पाठ घासली, आणि सकाळी पाहते तर पाठ वांग्यासारखी काळीनिळी. दोष गोळीचाच, असं ठरवून तिने गोळ्यांची डबी तांदळाच्या मडक्यात लपवली. पाच दिवसांनी दवाखान्यात बोटातलं रक्त तपासलं, तेव्हा ते पुन्हा घट्ट झालेलं पाहून नर्स रेत्नोचा चेहराच उतरला.

तिने दोघांना समोर बसवून सांगितलं. परक्या धातूवर रक्त साकळतं. गुठळी सुटून मेंदूत गेली की माणूस आडवा. गोळी ते साकळणं लांबवते. पण ती जागा निवडत नाही. नाण्याखाली फुटलेल्या बारीक नसांतूनही मग रक्त झिरपत राहतं.

"मावशी, गोळी सोडायची नाही. नाणं सोडायचं."

तुकिरानने बायकोला एका शब्दाने बोल लावला नाही. तेच तिला जास्त लागलं.

आज रक्ताच्या तपासणीचा आकडा अगदी हवा तसा आला होता. येताना दोघांनी सोयाबीनचं गरम तेम्पे खाल्लं, खुशीत घरी आले. तेवढ्यात शेजारीण पाठ घासून घेऊन गेली आणि याला वारं भरलं. ताप नाही, कणकण नाही. दुसऱ्याची पाठ पाहिली की याला वारं भरतं, हे वागियेमला पक्कं ठाऊक होतं.

तिने नाणं धुऊन फळीवर ठेवलं. बोट कोमट तेलात बुडवलं आणि मणक्यापासून बाहेर, एकेक बरगडी धरून, हलक्या हाताने सगळ्या रेघा ओढल्या. एकही चुकवली नाही. त्याने डोळे मिटून समाधानाची ढेकर दिली.

"लाल आल्या का?"

पाठ तेलाने चकाकत होती, कोरी.

"आल्या की," ती म्हणाली. "बरंच वारं होतं हो."